लांब्याचं कोपर

रविवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.४०

वही मुलीची आहे. पहिली चार पानं रसायनशास्त्राची होती, फाडून टाकली. तसंही त्या विषयात तिचं काही खरं नाही.

आजपासून सायकल. सव्वीस वर्षांनी. वय अठ्ठेचाळीस, वजन ब्याण्णव, आणि साखरेचा रिपोर्ट असा की डॉक्टरांनी एकदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. पण साखरेसाठी लोक चालायला जातात. मी सायकल घेतोय ती लांब्यासाठी.

लांब्या कोण ते लिहून ठेवतो. पुढे दम लागला की वाचायला बरं.

आमच्या क्लबातला. सहा फूट दोन इंच. आम्ही पाच वर्षं एकत्र सराव केला, एका बाटलीतलं पाणी प्यायलो. मग ती मोठी रेस. शेवटचे तीनशे मीटर. मी पुढे, तो माझ्या डाव्या बाजूला. त्यानं कोपर मारलं, सरळ बरगडीत. मी पडलो. कॉलरबोन मोडलं. चौकशी झाली, मी जे घडलं ते सांगितलं. त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. माझी सायकल त्या दिवसापासून सुटली ती सुटलीच. नाहीतर आज मी कुठे असतो. असो.

परवा फोनवर त्याचा फोटो दिसला. वय पन्नास. गळ्यात मेडल. डोक्यावर सगळे केस. १९ जानेवारीला नव्वद किलोमीटरची रेस आहे, चाळिशीपुढचा गट. तो आहे. मीही नाव दिलं.

चार महिने भरपूर झाले. अंगात मुरलेली गोष्ट कुठे जात नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

सायकल आली. वजन फक्त नऊ किलो. दुकानदारानं एका बोटावर उचलून दाखवली. मीही दाखवली. बोट सुजलंय.

बायकोनं विचारलं, हे हॉलमध्ये राहणार का. मी म्हटलं, हे नाही, ही. सायकल स्त्रीलिंगी आहे. ती म्हणाली, मग एका घरात दोन नकोत.

विनोद चांगला होता. पण हसली नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

योजना : ४० किमी. प्रत्यक्ष : ११. वारा समोरून होता. परततानाही समोरूनच होता. असं होऊ शकतं, हवामानाचं सांगता येत नाही.

दोन भरलेले सिलिंडर लटकवलेला गॅसवाला पुढे गेला. त्याची घंटी मला नव्हती, कुत्र्याला होती. मागे वळूनही पाहिलं नाही त्यानं. मी वेग मुद्दाम कमी ठेवला होता हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सायकलचे घट्ट कपडे आले. वाऱ्याचा विरोध कमी होतो. घरातला वाढतो. मुलगी दार उघडून आत आली, बघितलं, आणि म्हणाली, बाबा, त्याच्यावर काहीतरी घाल. मी म्हटलं, हे सगळ्यात वरचंच असतं. ती म्हणाली, मग आत काहीतरी घाल.

तिला खेळ कळत नाही. आईवर गेलीय.

रविवार, २२ सप्टेंबर. सकाळी ८.१५

पडलो. सिग्नलला. वेग शून्य. हे नवे बूट पायडलमध्ये अडकतात, काढायला टाच बाहेर फिरवावी लागते, आणि ती फिरवायचं मला आठवलं तेव्हा मी जमिनीपासून एक वीत वर होतो. गुडघा सोलला. एका बाईंनी पिशवी खाली ठेवून मला उठवलं आणि विचारलं, काका, चक्कर आली का.

काका.

सोमवार, २३ सप्टेंबर

ऑफिसात सगळ्यांनी गुडघ्याचं विचारलं. टेम्पोनं कट मारला असं सांगितलं. टेम्पो होताच तिथे. उभा होता, पण होता.

आमचं काम लिफ्ट तपासायचं. इमारतीच्या डोक्यावरच्या मशीन रूममध्ये चढायचं, वायररोप बघायचे, ब्रेक बघायचा, खाली येऊन दाखला लिहायचा. अठरा वर्षं करतोय. दोर कुठून झिजलाय हे मी नुसतं बोट फिरवून सांगतो. साहेबांना टेम्पोची गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, नंबर घेतलात का. घेतला नाही म्हटलं. हल्ली लोक काय वाटेल ते विचारतात.

रविवार, ६ ऑक्टोबर

गिअर कुरकुरतोय. नव्या दुकानातल्या पोरांना काही कळत नाही, म्हणून जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आमच्या क्लबच्या सगळ्या सायकली तेच बघायचे. सत्तरी उलटली असेल. तेच दुकान, तोच ग्रीसचा वास, भिंतीवर हातोड्यांच्या आकृत्या काढलेल्या आणि प्रत्येक हातोडा आपापल्या आकृतीवर. आत शिरल्या शिरल्या मी म्हटलं, गिअर बेकार दिलाय कंपनीनं. मान वर न करता ते म्हणाले, आलास का.

सव्वीस वर्षांनी माणूस आवाजावरून ओळखू येतो, म्हणजे छाप पडलेली असते.

गिअरला काही झालेलं नव्हतं. मी चढावर उलटा टाकतोय म्हणे.

लांब्याचा विषय मी काढला नाही, निघाला. स्कूलबस चालवतो. बावीस वर्षं. पहाटे साडेपाचला बस काढायची, त्याच्या आधी सायकल. वीज खात्यात खेळाडूंसाठीच्या नोकरीच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. बंदी आली आणि नाव कापलं. वडील अंथरुणाला खिळलेले तेव्हा. मिस्त्री हे सगळं पाना फिरवता फिरवता सांगत होते, जणू हवापाण्याच्या गप्पा.

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं, पण माहीत नव्हतं.

रविवार, २० ऑक्टोबर

योजना : ६०. प्रत्यक्ष : १९. मेहुणा जेवायला येणार होता म्हणून लवकर परतलो. तो रात्री येणार होता, पण घरात तयारी असते.

मेहुण्यानं सायकल बघून आदरानं विचारलं, तुम्ही सोडली कशी. सांगितलं सगळं. शेवटचे तीनशे मीटर, माझी आघाडी, आणि लांब्याचं कोपर माझ्या हँडलवर. बायको वाढता वाढता म्हणाली, बरगडीत होतं ना. मुलगी म्हणाली, मागच्या वर्षी आत्याकडे खांद्यावर होतं. मी म्हटलं, सहा फूट दोन इंच माणसाचं कोपर आहे, कुठेही पोचतं.

मेहुणा हसला. बायको मात्र डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती तरी.

रविवार, ३ नोव्हेंबर

टॉवरचा चढ. रेसमध्ये असाच एक आहे, तीन किलोमीटरचा. अर्ध्यावर उतरलो. तांत्रिक कारण. उरलेला चालत पूर्ण केला, त्यामुळे चढ झाला असंच धरतो.

वर पोचल्यावर दहा-बारा सायकलवाले गोल करून उभे होते, पंचविशी-तिशीतले. एकानं विचारलं, अंकल, पहिल्यांदाच का. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधी मी हे पस्तिसच्या स्पीडनं करायचो. तो म्हणाला, वा. आणि मग सगळे एकदम आपापल्या बाटल्यांतलं पाणी प्यायला लागले.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मांड्या भरून आल्यात. आज चौदा मजली इमारत होती. मशीन रूमला शेवटचे दोन जिने चढून जावं लागतं, लोखंडी. खालूनच आवाज ऐकला. ठीक होता. दाखला लिहून टाकला. अठरा वर्षांचा कान आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चौदा मजलीवाल्यांचा सेक्रेटरी आधीच बसलेला. मशीन रूमला नवं कुलूप लावलंय आणि किल्ली दोन महिने त्याच्याच ड्रॉवरमध्ये आहे, तर मी वर जाऊन ब्रेक कसा पाहिला, असा त्याचा प्रश्न. माझ्या बाजूनं मी सांगितलं की कुलूप उघडंच होतं. त्यानं कुलूप पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. नवंकोरं, दोन महिन्यांपूर्वीचं बिल जोडलेलं.

लेखी मेमो मिळाला. अठरा वर्षांत पहिला. सेक्रेटरी लोकांना उद्योग नसतात.

रविवार, २४ नोव्हेंबर. दुपारी २.००

डोकं फिरलंय. सावकाश लिहितो.

मिस्त्रींकडे गेलो होतो, टायर बदलायला. नवे टायर रिममध्ये नुसते बसतात, त्यावरून मी सहज म्हटलं की आमच्या वेळी रेसचे टायर सोल्युशननं चिकटवायला लागायचे, रात्रभर सुकवायचे, केवढा कुटाणा. मिस्त्री थांबले. फडक्याला हात पुसले. एकेक बोट. मग म्हणाले, तू कुठे सुकवलास.

मला समजलं नाही. तर सांगायला लागले. त्या रेसच्या आदल्या दिवशी तू पुढचा टायर माझ्याकडे न देता स्वतः चिकटवलास, कारण तुला संध्याकाळी कुठे जायचं होतं. तू पडलास तेव्हा लोक तुझ्याकडे धावले, सायकल मी उचलली. पुढचा टायर सगळाच्या सगळा रिमवरून सुटून फोर्कमध्ये गुंडाळला गेला होता. रिम बोटानं तपासली. सोल्युशन चार ठिकाणी धरलं होतं, बाकी कोरडं. वळणावर टायर सुटला आणि तू आडवा झालास. कोपराचा काय संबंध.

मी म्हटलं, मग तेव्हा का बोलला नाहीत. तर म्हणाले, बोललो की. तुलाच बोललो, हॉस्पिटलमध्ये, तिसऱ्या दिवशी. तू म्हणालास, मी बघतो, मी सांगतो त्यांना. मी वाट बघितली. मग बंदी आली. मग तू इकडे यायचाच बंद झालास. मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन गेलो नाही. ते माझं पाप, ते मी फेडीन. तुझं तू बघ.

मला असलं काही आठवत नाही. हॉस्पिटलमध्ये मला भूल दिलेली होती.

रात्री ९.३०

भूल पहिल्या दिवशी दिली होती. पण तिचा असर राहतो.

बायकोला सांगितलं. म्हणजे मिस्त्रींचं वय झालंय, काहीही बरळतात, अशा अर्थानं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही मला दुसरं काही सांगितलंच नव्हतं. नोकरी नाही, घर नाही, फक्त ते कोपर. मला वाटलं होतं, केवढं सोसलंय या माणसानं, आणि तरी किती शांत आहे.

मी म्हटलं, मग. ती म्हणाली, मग काही नाही, तुमचे मोजे कुठे आहेत.

रविवार, १ डिसेंबर

मिस्त्री बदलले. नवं दुकान जास्त स्वच्छ आहे. एसी आहे. कॉफी देतात. प्रश्न विचारत नाहीत.

योजना : ७०. प्रत्यक्ष : २२. पंक्चर. मी काढू शकलो असतो, पण पंप घरी होता.

रविवार, १५ डिसेंबर. सकाळी १०.१०

आज सहज त्या रस्त्याकडे वळलो. सहज म्हणजे चौदा किलोमीटर आडवाटेनं.

शेवटच्या तीनशे मीटरचा रस्ता आता दुपदरी झालाय. वळण तेच. मी पडलो तिथे गाद्यांचं दुकान आहे. पायरीवर बसलो. मालकानं विचारलं, सिंगल की डबल.

बसल्या बसल्या हिशोब केला. तो डावीकडे. डावीकडून कोपर बसलं तर माणूस उजवीकडे जाईल. माझं मोडलं ते डावं कॉलरबोन. म्हणजे मी डावीकडे पडलो. त्याच्या अंगावर. मी लिफ्टचा माणूस आहे. ओढ कुठून आली की वजन कुठे जातं हे मला झोपेतही कळतं. तीनदा मांडून पाहिलं. एकदा वहीत बाणही काढले. नंतर खोडले.

डोकं दुखायला लागलं. ऊन होतं.

परतताना एक गोष्ट आठवली, तिचा याच्याशी संबंध नाही, तरी लिहितो. चौकशीला गेलो तेव्हा हात गळ्यात होता. टेबलामागे तीन जण. लांब्या बाहेर बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत. त्यांनी मला नीट विचारलंही नव्हतं. एकानं नुसतं म्हटलं, त्यानं मारलं का रे कोपर. आयतं. मी मान हलवली. मान हलवताना खांदा भयंकर दुखला. तेवढंच मला नीट आठवतं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

नव्या वर्षाचे संकल्प :
रोज पाचला उठणे.
साखर बंद.
लांब्याला भेटून सगळं स्पष्ट बोलणे. सगळं म्हणजे जेवढं निश्चित आहे तेवढं.

बुधवार, १ जानेवारी. सकाळी ९.२०

उठलो. उद्यापासून पाच.

रविवार, १२ जानेवारी

आतापर्यंतची सर्वांत लांब फेरी : ४६. त्यात एक चहा आणि एक झोप. बाकावर डोळा लागला होता. पण अनुभवी माणसाला सराव कमी लागतो. रेस पायांवर नसते, डोक्यावर असते. माझं डोकं फिट आहे.

वजन एक्याण्णव. उतरणीला लागलंय.

बायको हल्ली सायकलबद्दल काही बोलत नाही. मला वाटलं सवय झाली. आज सकाळी चहा देताना तिनं मध्येच विचारलं, त्यांना मुलंबाळं आहेत का हो. मी म्हटलं कुणाला. ती उठून गेली.

शनिवार, १८ जानेवारी. संध्याकाळी ७.००

ठरलं. उद्या रेसच्या आधीच लांब्याला गाठून सांगणार. टायरचं. मिस्त्री काय म्हणाले ते. सरळ.

७.२०

नको. आधी हरवणार, मग सांगणार. हरलेल्या माणसानं असलं काही सांगितलं तर सबब वाटते. जिंकलेला माणूस सांगतो तेव्हा तो मोठेपणा असतो.

७.४५

केळी आणली. सहा. बायकोला विचारलं, येणार का बघायला. ती म्हणाली, काय बघायला.

रविवार, १९ जानेवारी. संध्याकाळी ५.३०

पाय बादलीत. लिहितो.

सुरुवातीला लांब्या दिसला. पहिल्या रांगेत. मी शेवटून दुसऱ्या. गर्दीत आवाज देणं बरं दिसलं नसतं. शिट्टी झाली. चौथ्या किलोमीटरला पुढचा घोळका सुटला, सहाव्याला मागचा. आठव्यापासून मी आणि दाढीवाले एक आजोबा. नवव्यापासून मी.

तरी रेटलं. अडतीस किलोमीटर. चढ सुरू झाला आणि उजव्या पोटरीत गोळा आला. बूट सुटेना. बुटासकट, सायकलसकट रस्त्याच्या कडेला लवंडलो. पेट्रोल पंपाच्या कुंपणाला टेकून बसलो. हवेचं मीटर दुरुस्त करणारा एक माणूस लांबून बघत होता. मी त्याला हात केला, म्हणजे सगळं ठीक आहे असा. तो आत गेला.

रस्ता जाऊन परत यायचा होता. थोड्या वेळानं पलीकडून पुढचे चौघे परतताना दिसले. एका सरळ रेषेत, चाकाला चाक लावून. दुसरा लांब्या. मी मान खाली घातली. टोपी पुढे ओढली.

ब्रेकचा आवाज आला.

तो थांबला. रांगेतून बाहेर पडून, दुभाजकावरून सायकल उचलून माझ्याकडे आला. बाकीचे तिघे निघून गेले. मी म्हटलं, अरे जा, रेस चालू आहे. तो खाली बसला, माझा बूट सोडवला, पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागला. अंगठ्यानं, खालून वर, आम्ही पूर्वी एकमेकांची चोळायचो तशी. हात खरखरीत झालेत. दाढी पांढरी आहे, फोटोत तेवढी दिसली नव्हती.

मी म्हटलं, लांब्या, मला काही सांगायचंय. तो म्हणाला, आधी मला सांगू दे, नाहीतर माझा धीर जाईल.

जसं बोलला तसं लिहितो. म्हणाला, त्या दिवशी तू अचानक माझ्या अंगावर कललास. मी घाबरलो. माझं कोपर बाहेर गेलं, हे मला पक्कं आठवतं. तुला सावरायला गेलं की ढकलायला, ते सव्वीस वर्षं मला कळत नाहीये. बस चालवताना सिग्नलला थांबलो की तेच. चौकशीत मी म्हटलं की मी मारलं नाही, पण माझी मलाच खात्री नव्हती. वडील वारले तेव्हा वाटलं, याचंच फळ. तुझं हाड मोडलं, तुझा खेळ सुटला. मला क्षमा कर. मला खूप आधी यायला हवं होतं.

पन्नास वर्षांचा माणूस, रस्त्याच्या कडेला, माझा पाय मांडीवर घेऊन, हुंदके देऊन रडत होता.

मला सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण रडणाऱ्या माणसाला मध्येच तोडणं बरं दिसत नाही. आणि त्याला किती हलकं वाटत होतं ते मी बघत होतो. ते हिरावून घ्यायचा मला काय अधिकार.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, झालं गेलं, जाऊ दे. मी तुला कधीच माफ केलंय.

मागे राहिलेल्यांना उचलणारा टेम्पो आला. मला आणि सायकलला मागे घातलं. तो मग निघाला. अकरावा आला असं कळलं. पहिल्या तिघांत आला असता.

सोमवार, २० जानेवारी

रजा. पाय हलत नाही.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, तुम्ही त्यांना माफ केलंत. प्रश्न नव्हता, नुसतंच म्हणाली. मी म्हटलं, परिस्थितीच तशी होती. ती ताट घेऊन मुलीच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या. टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचा प्रयत्न केला, पण नीट लागलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

लांब्याचे दोन मेसेज. पहिला सकाळचा : आता रविवारी बरोबर निघत जाऊ, हळू जाऊ, तू काळजी करू नको. सोबत फुलाचं चित्र.

दुसरा दुपारचा : मिस्त्रींना ही आनंदाची बातमी सांगायला आलोय.

तिसरा आलेला नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी. रात्री ८.००

आला होता. लांब्या, सहाला. बसच्या खाकी शर्टातच. चप्पल दाराबाहेर काढली, आत बसायला मात्र तयार नाही. मी पाणी आणायला वळलो तर म्हणाला, पाणी नको, एकच विचारायचंय. त्या दिवशी मी तुझा पाय मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा तुला टायरचं माहीत होतं का.

मी म्हटलं, माहीत असं नेमकं म्हणता येणार नाही. मिस्त्रींचं वय बघता, आणि इतकी वर्षं झाल्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंनी विचार केला तर.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात ओले. ती म्हणाली, भाऊजी, माहीत होतं. नोव्हेंबरपासून नक्की. त्याच्या आधीचं त्यांचं त्यांना ठाऊक.

चोवीस वर्षांच्या संसारात माझ्या मधे कधी बोलली नव्हती.

मला वाटलं हा आता मारणार. मारलं असतं तर चाललं असतं. तसा तयारच होतो. पण लांब्या अगदी साध्या आवाजात म्हणाला, मला आता नोकरी नको, मेडल नको. क्लबच्या दप्तरात माझ्या नावापुढे जे लिहिलंय ते तेवढं काढून दे. तुझ्या अक्षरात लिहून दे की ते झालं नव्हतं. माझी नात सायकल शिकतेय, ती उद्या विचारेल. बायकोला म्हणाला, येतो वहिनी. माझ्याकडे बघितलं नाही.

मुलगी आतून बाहेर आली आणि त्याला खालपर्यंत सोडायला गेली. त्यांची ओळखसुद्धा नाही.

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ११.००

आठवडाभर पत्र लिहितोय. असलं पत्र घाईत होत नाही.

पहिला मसुदा : 'सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या दुर्दैवी प्रसंगाबाबत काही गैरसमज झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

दुसरा : 'तत्कालीन परिस्थितीत, वेदनेच्या भरात, माझ्या मान हलवण्याचा जो अर्थ काढण्यात आला.'

तिसऱ्यात टायरच्या कंपनीचा उल्लेख केला होता. सोल्युशनच्या दर्जाचाही.

बायकोनं तिन्ही वाचले. उभ्यानंच. मग कोरा कागद घेतला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून दोन ओळी लिहिल्या. त्यानं मला मारलं नव्हतं. माझा टायर सुटला होता, आणि चौकशीत मी खोटं सांगितलं. कागद माझ्यापुढे फिरवला. म्हणाली, त्यांना तुमच्या अक्षरात हवंय, याच्यावरून उतरवून काढा.

मी म्हटलं, नंतर शांतपणे काढतो. ती खुर्ची ओढून समोर बसली.

उतरवलं. सही केली. अक्षर जरा वाकडं आलंय. तिनं शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, मीच देऊन येते, तुमच्याकडून पोचेल याचा भरवसा नाही. मुलगीही तिच्याबरोबर निघाली.

वाक्य मला जरा कडक वाटलं. 'खोटं' च्या जागी 'चुकीचं' चाललं असतं. तसं मी म्हणालोसुद्धा, पण तोवर दोघी जिना उतरून गेल्या होत्या.